मस्करी नव्हती, साहेब

छावणी, ११ जून

बुपे, माकडखाऊंच्या घराण्यातली शहाणी मुलगी,

फोनवर तू मला ब्लॉक करून टाकलंस, म्हणून कागद काढला. तसाही मी कागदाचाच माणूस. एकतीस वर्षं फौजेत काढली, त्यातली सव्वीस या कचेरीच्या टेबलामागे. शेवटची गोळी कधी झाडली ते आठवत नाही, पण कुठला अर्ज कुठल्या साली कुणी केला ते मला झोपेतून उठवून विचार.

हे पाकीट मपिकाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. त्याला सांगितलंय, मोठ्या रस्त्यावर वजनकाट्याच्या अलीकडे वाळवलेले सुरवंट विकणारी एक उंच बाई बसते, तिला दे. तो म्हणाला, तिथे दहा बायका असतात. मी म्हटलं, जी गिऱ्हाइकाला सावधान उभं करते ती. पाकिटासोबत तुझी पत्र्याची पेटी आहे. तुझा मग आहे, आणि शांतिसेनेतून आलीस तेव्हाचं प्रशस्तिपत्र, काचेसकट. काच फुटली असेल तर ड्रायव्हरला धर, मला नको.

इथल्या बातम्या. नवे बूट आले. तुला काढल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी दोन ट्रक भरून आले. मी स्वतः एक बूट उलटा करून तळव्याला नख लावून पाहिलं. रबर आहे, पुठ्ठा नाही. तुझ्या तुकडीतल्या जवानांनी ते घातले आणि मैदानाला एक फेरी मारली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तुझं नाव कुणी घेतलं नाही, कारण तुझं नाव घ्यायला सध्या मनाई आहे. पण फेरी कुणासाठी होती ते भिंतींनाही कळत होतं.

मी एवढी वर्षं कागद पुढे सरकवतोय. त्या सगळ्या कागदांनी मिळून जे झालं नसेल, ते तुझ्या फेसबुकवरच्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने केलं. तो व्हिडिओ मी घरी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. एस्नार्त म्हणते, बायकोकडे असं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. त्यात शिवी नाही, कुणाचं नाव नाही, रडणं नाही. गणवेश इस्त्रीचा. हातात जोएल मुकुमाचा बूट. "हा माझ्या तुकडीतल्या जवानाचा बूट आहे. तळवा पुठ्ठ्याचा आहे. सरहद्दीवर पावसात तो सुटला. जवान दोन दिवस गवताच्या दोरीने बांधून चालला. तार घुसली. आता त्याला या बुटाची गरज नाही, कारण डावा पाय घोट्याच्या वरून कापलाय." एवढं बोलून तू बूट टेबलावर ठेवलास आणि फोन बंद केलास. मला आधी वाटलं होतं, वेडी आहे. आता वाटतं, मी उभ्या आयुष्यात एवढं नीट वाक्य लिहिलं नाही.

आणि चौकशीच्या दिवशी तू जे केलंस! मी दोन हात अंतरावर बसून सगळं टिपून घेत होतो, त्यामुळे मला कुणी खोटं पाडू शकत नाही. तुझ्या बाजूने नेमलेल्या त्या कॅप्टनने वाट अगदी झाडून ठेवली होती. "साहेब, सार्जंट चिसाला बेम्बा आहे. कर्नलसाहेब न्गोनी आहेत. हे मस्करीतल्या भावंडांचं बोलणं आहे. आपल्या देशात यावर कुणी कुणाला शिक्षा केल्याचं ऐकलंय का?" खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला. खरंच आहे ते. तुम्ही बेम्बा आणि आम्ही न्गोनी, आपल्यात कुणी कुणाला काहीही बोलावं आणि जो चिडेल त्याचीच नाचक्की, हे आपल्या पणजोबांनी लढून लढून दमल्यावर ठरवलंय. कर्नल न्हलानेंच्या चेहऱ्यावरसुद्धा हसू फुटलं. त्यांनाही सुटायचं होतंच की. म्हणाले, "काय गं माकडखाऊ, मस्करी केलीस ना आमची?"

हो म्हटलं असतंस तर दोन दिवसांची साफसफाई मिळून सुटली असतीस.

"नाही साहेब. मस्करी नव्हती. मस्करी करायची असती तर तुमच्या ताटातल्या उंदरांवरून केली असती. मुकुमाच्या पायावरून कशी करू?"

मग म्हणालीस, "परवानगीशिवाय न बोलण्याचा हुकूम मी मोडला. त्यावर सही माझी आहे. शिक्षा द्या. पण जे बोलले ते खोटं होतं किंवा थट्टा होती, असं मी लिहून देणार नाही." माझं पेन तिथे अडलं. वहीत त्या जागी शाईचा ठिपका आहे, अजून आहे.

राहिली एक गोष्ट. तू म्हणालीस की व्हिडिओच्या आधी तीन वेळा लेखी तक्रार केली होती. कर्नलांनी मला आवक वही उघडायला सांगितली. मी उघडली, वाचली आणि म्हटलं, "नोंद नाही, साहेब." नोंद नव्हतीच. जे वहीत आहे तेवढंच मी वाचू शकतो. कागद इकडचे तिकडे होतात, ज्यांच्यामार्फत ते पुढे जातात ते मेजर तेव्हा परदेशी कोर्सला गेलेले. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला दिसलं. उगाच मनात काही ठेवू नकोस.

सुरवंट थोडे पाठव. एस्नार्तला हवेत. मी खात नाही, मी माणूस आहे.

तुझा,
शावा


छावणी, २ जुलै

बुपे,

ड्रायव्हरने माझंच पाकीट परत आणून दिलं. मला वाटलं, घेतलं नाहीस. मग उलटून पाहिलं तर मागे तुझं अक्षर. चार शब्द. "माझी पत्रं कुठे आहेत?"

ना उंदीरखाऊ, ना म्हाताऱ्या, ना शावा. बारा वर्षांत तू मला शिवी दिल्याशिवाय एक ओळ बोलली नव्हतीस. एस्नार्तने पाकीट हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाली, "आता?" तिला काहीच माहीत नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं.

तर ऐक. पत्रं माझ्या खणात आहेत. उजवीकडच्या खालच्या, जुन्या टाइपरायटरच्या फितींखाली. तिन्ही आहेत. नऊ जानेवारीचं, दोन फेब्रुवारीचं, सहा मार्चचं. एकालाही सुरकुती नाही.

मी ती पुढे दिली नाहीत. वहीत चढवली नाहीत. कारण सांगतो. जानेवारीत कर्नल मला म्हणाले होते, "शावा, जूनमध्ये राजधानीहून तपासणी आहे. तोवर मला या टेबलावर रडगाणी नकोत." आता तूच सांग, मी काय करायचं होतं? त्यांचा शब्द आणि माझी नोकरी. कारकुनाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो, तो कुणाला दिसत नाही. तुम्हा लोकांना वाटतं, हुकूम फक्त बंदूकवाल्यांना असतात.

आणि मला वाटलं होतं, बुटांचं काय एवढं? दरवर्षी बुटांची तक्रार असतेच. कुणाला चावतात, कुणाला मोठे होतात. मी पुठ्ठ्याची ओळ वाचली होती, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या पत्रात होती: "तळवा पाण्यात दोन तास ठेवला, बोटाने उचकटला." पण वाचणं वेगळं आणि पाय कापलेला बघणं वेगळं.

मुकुमाला मी एकदाच पाहिलं, दवाखान्यात, खात्याचे कागद सही करायला नेले होते तेव्हा. तो उठून सावधान उभा राहायला लागला. मी म्हटलं, अरे पड. त्याने सही केली आणि मला म्हणाला, "सार्जंटबाईंना सांगा, मी ठीक आहे." मी तुला सांगितलं नाही. आता सांगतोय.

तुझं तिसरं पत्र फार चांगलं होतं. हे मी उगाच चढवायला म्हणत नाही. एकतीस वर्षांत हजारो तक्रारी वाचल्या. लोक रडतात, देवाला बोलावतात, कुणाच्या तरी मेहुण्याचं नाव घालतात. तू फक्त लिहिलंस: सरहद्दीवर बावीस तारखेला निघायचं आहे, अठ्ठावीस जवान आहेत, अकरा बूट धड आहेत. बाकीचं वरिष्ठांनी ठरवावं. खाली सही. असं पत्र ज्याच्या नावे लिहिलं गेलं त्या कर्नलाने ते वाचायला हवं होतं. मीच ते एकट्याने वाचलं, तीनदा.

हे वाचून झालं की चुलीत घाल. माझ्या पेन्शनीला नऊ महिने राहिलेत. तू फौजेबाहेर गेलीसच आहेस, मला ओढून तुझं काय भलं होणार?

शावा


छावणी, ९ ऑगस्ट

बुपे,

तू ते पत्र चुलीत घातलं नाहीस. तुझ्या वकिलालाही दिलं नाहीस. मला परत पाठवलंस.

मी दिवसभर ते खिशात घेऊन फिरलो. माझ्या हातचं, माझ्या सहीचं. अपिलात ते मंडळापुढे ठेवलं असतंस तर मी त्याच दिवशी उताणा पडलो असतो आणि तुझी वर्दी तुला परत मिळाली असती. हे तुला कळत नसेल असं नाही. फौजेतली तुझ्याइतकी डोकेबाज बाई मी पाहिली नाही. तरी तू ते घडी घालून पाकिटात घातलंस. "कर्नल मला म्हणाले होते" याच्याखाली रेघ मारून बाजूला लिहिलंस, "खरंच?" आणि तळाशी, "हे कबूल करणं माझ्या नावचं नाही. ज्यांच्या नावचं आहे त्यांना दे."

एस्नार्तने मोठ्याने वाचलं. मग चुलीवर मक्याची न्शिमा ढवळता ढवळता म्हणाली, "ही बाई तुमच्यापेक्षा मोठी आहे हो."
मी म्हटलं, "पंधरा वर्षांनी लहान आहे."
"मी वयाचं नाही म्हणत."

तर खरं. कर्नल मला काहीही म्हणाले नव्हते. ते "रडगाणी नकोत" मी मागच्या पत्रात बसल्या जागी रचलं. माणूस कडक आहे, गर्विष्ठ आहे, पण पत्र त्यांच्या टेबलावर गेलं असतं तर त्यांनी ते वाचलं असतं. कदाचित बूटही बदलले असते. मला माहीत नाही, कारण मी ते जाऊच दिलं नाही. जूनच्या तपासणीत आवक वहीत एकही निकाली न लागलेली तक्रार नसावी, एवढीच माझी हौस होती. निवृत्तीआधी शेवटची तपासणी. मला वाटायचं, वही बघून कुणीतरी म्हणेल, वा शावा, काय स्वच्छ कचेरी! आणि कुणीतरी म्हणालंही. मुकुमा तेव्हा कुबडीवर चालायला शिकत होता.

हुकूमही मीच टाइप केला होता. गणवेशात, फौजेच्या बाबतीत, परवानगीशिवाय फेसबुकवर किंवा कुठेही बोलायचं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या सह्या मीच घेतल्या. आठवतं? बाकीच्यांनी न वाचता सही केली. तू वाचलंस आणि विचारलंस, "शावा, यात तक्रार कुठे करायची ते लिहिलंय का?" मी म्हटलं, "दुसरा परिच्छेद. लेखी, वरिष्ठांमार्फत." तू म्हणालीस, "मग ठीक आहे. दार एक असलं तरी चालतं, उघडं असलं म्हणजे झालं." आणि सही केलीस. तो हुकूम मला आजही चुकीचा वाटत नाही. प्रत्येक शिपाई फोनवर कमांडरशी भांडायला लागला तर फौज कसली? पण त्या एका दारात मी बसलो होतो. आणि तू बाहेरून ठोठावत होतीस.

अजून एक आहे. ते लिहायला मला चार दिवस लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी तू कचेरीत आलीस. फोन दाराशी डब्यात टाकलास, टेबलावर कोपरं ठेवलीस आणि म्हणालीस, "काय रे उंदीरखाऊ, माझ्या पत्रांचं काय झालं?" मी म्हटलं, "खाल्ली मी. सुकवलेले उंदीर संपले होते, मग कागदच कुरतडले." तू एवढी हसलीस की बाहेरचा पहारेकरी डोकावला. म्हणालीस, "पचतील तुला, पुठ्ठा तर नाही ना त्यात!" आणि गेलीस, आणि पुढच्या आठवड्यात तिसरं पत्र लिहिलंस.

बुपे, मी तुला खरं सांगितलं होतं. तोंडावर. तू हसलीस, कारण आपल्यात खरं कुणी बोलतच नाही. आणि मला ते माहीत होतं, म्हणूनच तसं सांगितलं. बोललो, हलकं झालं, आणि तुला काही कळलं नाही. आपल्या नात्याने पणजोबांच्या भांडणांवर पडदा टाकला म्हणतात. मी त्याचा उपयोग खण झाकायला केला. याला क्षमा मागायची पद्धत आपल्यात नाही; भाऊ भावंडाची क्षमा मागत नाही, वर आणखी चार शिव्या देतो. मला एकही शिवी सुचत नाही.

अपिलाची नोटीस कचेरीत आलीय. बारा सप्टेंबर, लुसाका. मला आवक वही घेऊन हजर राहायचं आहे. एस्नार्त पेन्शनीबद्दल एक शब्द बोलली नाही. काल मात्र म्हणाली, "तुम्ही मेलात की या बेम्बांनी यायचं असतं. तुमचा कोट घालून नाचायचं, खड्ड्यात बसून पेटी अडवायची, रडणाऱ्यांना हसवायचं. कोण येईल हो? कुठल्या तोंडाने तुमची थट्टा करतील? मुकाट्याने पुरतील तुम्हाला आणि घरी जातील."

ती असं बोलून पाणी आणायला गेली. मी अजून काही ठरवलं आहे असं तुला लिहू शकत नाही. लिहिलं आणि केलं नाही, तर तेही तुझ्या वाट्याचं एक खोटं होईल.

शावा


चिपाटा, २१ सप्टेंबर

बुपे,

बारा तारखेला तू त्या खोलीत होतीस, तरी लिहितो. तू समोर बघत होतीस. माझ्या बाजूने काय दिसत होतं ते तुला ठाऊक नाही.

सकाळी बसस्टँडवर मी दोन वेळा परतीच्या बसकडे चालत गेलो. पत्रं फायलीत होती. फाईल एवढी हलकी होती की सारखं उघडून बघावं लागत होतं. खोलीत तू माझ्या आधी येऊन बसली होतीस, साध्या कपड्यांत, पाठ सरळ. मला बघून मान हलवली नाहीस. मला वाटलं, हिने आपल्याला आधीच ओळखलंय, आता करायचं उरलं काय?

मंडळाच्या प्रमुख ब्रिगेडियरबाईंनी विचारलं, "आवक वहीत सार्जंट चिसालाच्या तक्रारीची नोंद आहे का?"

मी म्हटलं, "नाही, मॅडम. पण तक्रारी आल्या होत्या. मी दडवल्या."

मंडळातल्या त्या टोकाच्या मेजरने टेबलावर हात आपटला आणि खो खो हसला. "घ्या! उंदीर आला बघा, आपल्या माकडाला सोडवायला!" बाईंनाही हसू आवरेना. म्हणाल्या, "स्टाफ सार्जंट, ही थट्टा मयताच्या घरी करा. इथे कामकाज चालू आहे."

तुला सांगतो, त्या वेळी मी हसलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. कुणी मला दोषही दिला नसता. भावंडासाठी खोटं बोलायला आला म्हणून कौतुकच झालं असतं. माझे ओठ हलायला लागले होते, शपथ. तेवढ्यात मला तुझी पाठ दिसली.

"मस्करी नव्हे, मॅडम," मी म्हटलं, आणि तीन पत्रं टेबलावर ठेवली.

मग ते हसणं कसं विझलं ते तू ऐकलंसच. बाईंनी पहिलं पत्र उचललं, उलटं केलं आणि विचारलं, "यावर आवक शिक्का आहे. तारीख आहे. तुमची सही आहे. दडवायचं होतं तर शिक्का का मारला?" सव्वीस वर्षांची सवय. दडवायचा कागदसुद्धा मी आधी शिक्का मारून दडवला. माझ्यासारखा चोर या फौजेत दुसरा नसेल. पण त्या शिक्क्यांनी तारखा सिद्ध झाल्या, आणि तुझा शब्द खरा ठरला.

तुझा निकाल तू ऐकलास. बडतर्फी रद्द, हुद्दा एक पायरी खाली, लेखी ताकीद. हुकूम मोडला तो मोडलाच. बाईंनी विचारलं, "परत असं करशील?" सगळ्यांना वाटलं, आता तरी नाही म्हणेल. तू म्हणालीस, "आधी लिहीन, मॅडम. लिहिलेलं पोचलं तर फोनला हात लावणार नाही." बाई लिहून घेणाऱ्याला म्हणाल्या, "हे जसंच्या तसं घ्या." तो पोरगेलासा कारकून घाबरत घाबरत लिहीत होता. मला त्याच्या हातातलं पेन काढून घेऊन स्वतः लिहावंसं वाटलं, एवढा मला तुझा अभिमान वाटला. मी अभिमान धरण्याच्या जागी नाही, ते मला समजतं. तरी वाटला.

मग माझा नंबर आला. आणि बाईंनी तुला विचारलं.

"चिसाला, हा तुझा मस्करीतला भाऊ. भावंडाने चारचौघांत एक टोमणा मारला की राग संपला, ही आपली रीत आहे. याच्या शिक्षेआधी तुला याच्याबद्दल काही बोलायचंय?"

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मेजर तर आधीच हसायच्या तयारीत होता. तू "मेल्या उंदरा" एवढं म्हटलं असतंस तरी अर्धी शिक्षा गळून पडली असती. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, बाईंनी त्यासाठीच तर विचारलं होतं. तू उभी राहिलीस.

"नाही, मॅडम. मला काही बोलायचं नाही."

आणि बसलीस.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा तुझा रागच आला. मनात म्हटलं, एवढं सगळं कबूल केलं, नोकरी गेली, आता पेन्शनही मंडळ काय ठरवील ते, आणि हिच्याने एक शिवी देववली नाही? परतीच्या बसमध्ये लुआंग्वाच्या पुलापर्यंत मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. पुलावर तपासणीला सगळ्यांना खाली उतरवलं. माझ्यापुढे एक म्हातारी होती, गुडघे धरून एकेक पायरी उतरत होती. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सावकाश हो बाबा, पाय एकदा गेला की गेला."

तिथे मला तुझं गप्प राहणं कळलं.

पाय तुझा नव्हता, बुपे. तुझी वर्दी गेली होती, ती मी कबुली दिल्यामुळे परत आली. तेवढ्याबद्दल तू मला हवं तर हसून सोडलंही असतंस. पण कुणाचा तरी पाय गेला त्याची माफी टोमणा मारून देऊन टाकायचा हक्क तुझा नव्हता. कर्नलपुढे तू त्या पायाची मस्करी करू दिली नाहीस, स्वतःची नोकरी वाचत असतानाही. माझ्यासाठी कशी करू देशील? मला वाटत होतं, तू मला परकं केलंस. तू तर मला पहिल्यांदा माणसासारखं वागवलंस. जे मी केलं ते माझ्याकडेच राहू दिलंस.

इथे चिपाट्याला घरी आल्यावर एस्नार्तला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर केलं तिने." मग आम्ही जेवलो. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

तू पंधरा तारखेला छावणीत रुजू झालीस, तुझ्या तुकडीने मैदानावर तुला बघून काय केलं, ते मला कळलंय. कुठून ते विचारू नकोस. माझ्या खुर्चीवर आता जो बसेल त्याच्याकडे पत्र देशील तेव्हा नोंद होईपर्यंत टेबलापासून हलू नकोस. वहीतली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघ. माझ्याशीही तसंच करायला हवं होतंस, पण तू मला भाऊ समजलीस.

मला उत्तर पाठवू नकोस. हे खरंच म्हणतोय.

मुकुमाला सैन्याने घरी पाठवलंय, कासेम्पाच्या पुढे त्याच्या आईच्या गावी. पत्ता मीच त्याच्या कागदांवर लिहिला होता, म्हणून माहीत आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघतोय, दोन दिवस लागतील. काय बोलायचं ते तीन वेळा लिहून काढलं आणि फाडलं. तो काओंदे आहे. त्यांच्यात आणि आम्हा न्गोनींच्यात मस्करीचं नातं नाही. मला सरळच बोलावं लागेल.

फॅक्सन शावा